पुण्यातलं एक छोटं कॉइन: पैसे टाकण्याआधी तपासायचं काय आणि कुठे?

धायरीची थोरली

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, "क्रिप्टो म्हणजे जुगार, लांब राहा" असं एका ओळीत लिहून जाणार असाल तर राहू द्या. ते मी घरात बोलून बसलेय. त्यावर "वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही" हे उत्तरही मिळालंय. खरंच कळत नाही, म्हणून इथे आले.

प्रकरण असं आहे. माझे धाकटे दीर चाकणला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. त्यांच्याच शॉपमधला एक जण नोकरी सोडून गेला तो आता "सर" झालाय. त्या सरांनी चिंचवडला एका हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारी मीटिंग ठेवली होती. भावोजींबरोबर मीही जाऊन बसले, कारण तीन लाख जायचे आहेत आणि त्यातले काही सासूबाईंची मुदत ठेव मोडून येणार आहेत.

कॉइनचं नाव मुद्दाम देत नाही. फुकटची जाहिरात नको आणि नोटीसही नको.

मीटिंगमध्ये पडद्यावर एक ग्राफ होता, तीन महिन्यांत भाव सहापट. योजना अशी की शेतमालाचा व्यवहार ब्लॉकचेनवर आणायचा, नारायणगावचा टोमॅटो मधल्या दलालाशिवाय दुबईला. ऐकायला छान वाटतं. टोकन (म्हणजे तेच कॉइन) "स्टेक" करून, म्हणजे त्यांच्याकडे अडकवून ठेवलं तर महिन्याला ८ टक्के, तेही त्याच टोकनमध्ये. खाली माणूस जोडला तर त्याच्या रकमेवर ५ टक्के. शेवटी प्रश्नांसाठी माइक फिरवला. प्रश्न विचारणारे सगळे पुढच्या दोन रांगांतले, आणि प्रश्न काय, तर "सर, जास्तीत जास्त किती टाकता येतील?" मी मागून विचारलं, आठ टक्के येतात कुठून? सर म्हणाले, "मॅडम, इकोसिस्टिममधून." टाळ्या पडल्या. कशासाठी ते विचारू नका.

मी भोसरीत एका जॉबवर्कवाल्यांकडे अकाउंट्स बघते, त्यामुळे मला येतं तेवढं करून झालंय. कंपनी मंत्रालयाच्या साइटवर नाव टाकलं. कंपनी खरी आहे. नोंदणी होऊन सात महिने झालेत, भरणा झालेलं भांडवल एक लाख, पत्ता वाकडच्या एका सोसायटीतला फ्लॅट, संचालक दोन, आडनाव एकच. स्टेजवर "सरकारमान्य" म्हणून तीन सर्टिफिकेटं फ्रेम करून ठेवली होती. जवळ जाऊन पाहिलं तर एक कंपनी नोंदणीचं, एक जीएसटीचं आणि एक उद्यमचं. उद्यम म्हणजे आधार-पॅन टाकून आपणच आपली माहिती भरायची आणि फुकटात सर्टिफिकेट छापून घ्यायचं. आमच्या मालकांचं मीच जेवणाच्या सुट्टीत काढलं होतं. लोकांचे पैसे घ्यायची परवानगी या तिन्हींपैकी एकातही नाही.

पण भावोजींचं म्हणणं, "वहिनी, तुम्ही कागद बघताय. इथे कागद नसतो. ब्लॉकचेनवर सगळं उघडं असतं, कोणीही बघावं." बरं. मग कोणीही म्हणजे मीसुद्धा. मी कुठे बघू आणि काय बघू?

त्यांच्या तोंडी तीन गोष्टी सारख्या येतात: ऑडिट झालंय, लिक्विडिटी लॉक आहे, टेलिग्रामवर ११ हजार लोक आहेत. कॉइन बीएनबी चेन नावाच्या ब्लॉकचेनवर आहे आणि काँट्रॅक्टचा पत्ता व्हाइटपेपरच्या, म्हणजे त्यांच्या माहितीपुस्तिकेच्या, शेवटच्या पानावर आहे, एवढं मी शोधलंय. पुढचं कोणीतरी नीट सांगा.


सदाशिव पेठी

हॉलमध्ये समोसा होता की नुसताच चहा? नुसता चहा असेल तर प्रोजेक्ट काटकसरी आहे, विचार करायला हरकत नाही.


निगडी प्राधिकरण

पेठीसाहेब, चालू द्या तुमचं.

ताई, तुमचे दीर पिंपरी-चिंचवड पट्ट्यातले आहेत म्हणून एक आठवण करून देतो. गेनबिटकॉइन नावाची क्रिप्टो योजना याच शहरात गाजली होती. तिथे वायदा होता महिन्याला १० टक्के, १८ महिने. निगडी आणि दत्तवाडी पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाजला अटक केली. त्यातला तुमच्या कामाचा भाग वेगळाच आहे. आधी लोकांकडून बिटकॉइन घेतले आणि परतावा बिटकॉइनमध्ये द्यायचं ठरलं. ते जड जायला लागल्यावर एमकॅप नावाचं स्वतःचंच टोकन लोकांच्या गळ्यात मारलं. स्वतःचं टोकन देणाऱ्याला देताना काही तोशीस पडत नाही. तुमचे सर तर पहिल्या दिवसापासूनच स्वतःचं टोकन देतायत, म्हणजे मधली पायरीही गाळली.

"फसलो तर पोलीस आहेतच" हा हिशेब मनात असेल तर तोही तपासा. त्या प्रकरणातला मुख्य आरोपी जानेवारी २०२२ मध्ये वारला. त्याच वर्षी मार्चमध्ये, तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी अटक केली, आरोपींची क्रिप्टो परस्पर वळवल्याच्या आरोपावरून. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे गुन्हे सीबीआयकडे दिले. गुंतवणूकदार अजून वाटच बघतायत.

आणि माणूस जोडल्यावर ५ टक्के? साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ चा आहे. ब्लॉकचेन नवीन असेल, हा प्रकार नवीन नाही.


क्यूए हिंजवडी

ताई, मी टेस्टर आहे. आमच्या कामात प्रोग्रॅमर माणूस म्हणून कसा आहे हे कोणी विचारत नाही. त्याने उद्या वाकडं वागायचं ठरवलं तर सिस्टिम त्याला कुठपर्यंत वागू देईल, एवढंच आम्ही बघतो. तुम्हीही तोच प्रश्न धरा. सर प्रामाणिक आहेत की लबाड यावर घरात वाद घालू नका, तो मिटणार नाही आणि दिवाळीपर्यंत कोणी कोणाशी बोलणार नाही. सर लबाड निघाले तर त्यांच्या हातात नेमकं काय आहे, हे मात्र खरंच उघड्यावर असतं. भावोजी तेवढं बरोबर बोलले.

बीएससीस्कॅन ही बीएनबी चेनवरचे व्यवहार दाखवणारी साइट उघडा. व्हाइटपेपरमधला पत्ता तसाच चिकटवा. कॉइनच्या नावाने शोधू नका, एकाच नावाची दहा टोकनं सापडतात.

पहिलं म्हणजे "काँट्रॅक्ट" टॅब. काँट्रॅक्ट म्हणजे कॉइन चालवणारा प्रोग्रॅम. त्याला हिरवी टिक असेल तर सोर्स कोड सर्वांना वाचायला ठेवलाय. नसेल तर पुढे काही बघायची गरज नाही, लॅपटॉप मिटा. टिक असेल तर "रीड काँट्रॅक्ट"मध्ये जाऊन "ओनर" शोधा. तिथे शून्यांची रांग दिसली तर मालकी सोडलेली आहे. खरा पत्ता दिसला तर तो लिहून ठेवा, तो मालक. मग शेजारच्या "राइट काँट्रॅक्ट"मध्ये काय काय करता येतं त्याची यादी असते. कोड कळायची गरज नाही, नुसती नावं वाचा. मिंट म्हणजे हवी तेवढी नवी टोकनं छापता येतात. ब्लॅकलिस्ट म्हणजे तुमच्या वॉलेटला (कॉइन ठेवायच्या खात्याला) विकायची बंदी घालता येते. सेल फी किंवा टॅक्स बदलायची सोय असेल तर विकताना किती कापायचं ते मालक ठरवणार, आणि कोडमध्ये कमाल मर्यादा घातली नसेल तर ९९ टक्केही कापू शकतो. "प्रॉक्सी" शब्द दिसला तर अख्खा कोडच उद्या बदलता येतो, आज वाचलेलं सगळं पाण्यात.

दुसरं, "होल्डर्स" टॅब, म्हणजे कॉइन कोणाकडे किती आहे त्याची यादी. वरच्या दहांकडे मिळून किती टक्के आहे बघा आणि मालकाचा लिहून ठेवलेला पत्ता त्यात आहे का बघा.

तिसरं, लिक्विडिटी. इथेच सगळी मेख असते, म्हणून जरा सविस्तर. असं छोटं कॉइन मोठ्या एक्स्चेंजवर नसतं, पॅनकेकस्वॅपसारख्या ठिकाणी एका पूलमध्ये असतं. पूलमध्ये एका बाजूला कॉइन, दुसऱ्या बाजूला खरी किंमत असलेलं काहीतरी, समजा यूएसडीटी, म्हणजे डॉलरला भाव बांधलेलं कॉइन. तुम्ही विकता तेव्हा समोर गिऱ्हाईक नसतं, पूल असतो. दुसऱ्या बाजूला जेवढे पैसे आहेत त्यातूनच तुम्हाला मिळणार. ते पैसे ज्याने आत ठेवले त्याला पावती म्हणून वेगळी टोकनं मिळतात, "केक-एलपी" नावाची. पावती ज्याच्या हातात, तो कधीही पूल रिकामा करून जाऊ शकतो. याला रग पुल म्हणतात. लॉक केलंय म्हणजे ती पावती एका ठरावीक तारखेपर्यंत कुलपात घातली आहे. म्हणून पूलचा पत्ता उघडा, त्याचे होल्डर्स बघा, पावत्या कोणाकडे आहेत ते दिसेल. पत्त्याआधी छोट्या कागदाचं चिन्ह असेल तर तो काँट्रॅक्ट आहे, म्हणजे लॉकर असू शकतो. चिन्ह नसेल तर साधं वॉलेट, म्हणजे कोणाच्या तरी फोनमध्ये आहे. लॉक किती टक्क्यांचं आणि कधीपर्यंतचं, दोन्ही बघा.

चौथं, लोक विकतायत का? विकत घेणारे दिसतात, ते ठीकच आहे. वेगवेगळ्या वॉलेटांतून विक्रीही होतेय का बघा. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर स्क्विड नावाचं टोकन याच चेनवर आलं, भाव २,८०० डॉलरच्या वर गेला, बातम्या झाल्या. घेतलेल्यांना विकताच येत नव्हतं. १ नोव्हेंबरला काही मिनिटांत भाव जवळजवळ शून्य.

ऑडिटचं: पीडीएफ त्यांच्या ग्रुपवरून घेऊ नका, ऑडिटरच्या साइटवरून काढा. आतला काँट्रॅक्टचा पत्ता जुळवा. मग "केंद्रीकरणाचा धोका", म्हणजे सगळी सत्ता एकाच हातात, असं काही लिहिलंय का शोधा आणि त्यापुढे "सोडवलं" लिहिलंय की नुसतं "मान्य". एप्रिल २०२३ मध्ये मर्लिन नावाचं एक एक्स्चेंज नामांकित ऑडिटरकडून तपासून झाल्याबरोबर आतल्याच लोकांनी साफ केलं, सुमारे १८ लाख डॉलर गेले. ऑडिटर कोड तपासतो. किल्ली कोणाच्या खिशात आहे ते अहवालात लिहूनही देतो, पण ते पान कोणी उघडत नाही.

टेलिग्रामचे ११ हजार विकत मिळतात. सोडून द्या.


धायरीची थोरली

क्यूए, तुमचे किती आभार मानू. काल रात्री जेवणं आवरल्यावर मी, भावोजी आणि लॅपटॉप असे बसलो. जाऊ मध्ये मध्ये येऊन "झालं का भांडण?" विचारून जात होती. भांडण झालं नाही, कारण दोघांनाही कळत नव्हतं तेवढा वेळ आमची युतीच होती.

जसं दिसलं तसं लिहिते. काँट्रॅक्टला हिरवी टिक आहे. ओनरमध्ये शून्य नाहीत, खरा पत्ता आहे. यादीत मिंट आहे. ब्लॅकलिस्ट नाही. "सेट सेल फी" आहे. प्रॉक्सी कुठे दिसलं नाही.

होल्डर्स एकूण ६१२. इथे भावोजी पहिल्यांदा गप्प झाले, कारण ११ हजार लोकांच्या ग्रुपमध्ये कॉइन घेतलेले ६१२च कसे? वरच्या तीन वॉलेटांत ४४, १७ आणि १० टक्के. चव्वेचाळीसवाला पत्ता आणि ओनरचा पत्ता एकच, मी अक्षर न् अक्षर जुळवलं. पावतीवरचा जीएसटी नंबर जुळवायची सवय इथे कामी आली. पूलमध्ये एकूण कॉइनच्या ४ टक्के आहेत. दुसऱ्या बाजूला यूएसडीटी, रुपयांत धरलं तर साधारण १८ लाख. ग्रुपवर मात्र "मार्केट कॅप साडेचार कोटी" असं रोज सकाळी टाकतात.

आणि लॉक. लॉक आहे हो! खोटं बोलले नाहीत. पावत्यांपैकी ८ टक्के कागदाच्या चिन्हवाल्या पत्त्यावर आहेत, पुढच्या महिन्यात सुटणार. उरलेल्या ९२ टक्के साध्या वॉलेटमध्ये. तेच वॉलेट, चव्वेचाळीसवालं.

विक्री होतेय, पण बारीक बारीक, दोन-पाच हजारांची.

ऑडिटचा अहवाल ऑडिटरच्या साइटवर सापडला, पत्ता जुळला. मिंटच्या मुद्द्यापुढे "मान्य" असंच आहे. म्हणजे ऑडिटरने सांगितलं, यांनी "हो, माहीत आहे" म्हटलं आणि अहवाल स्टेजवर लावला.

आता भावोजींचा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत: "भाव सहापट झालाय ना पण? तो तर खोटा नाही."


क्यूए हिंजवडी

भाव खोटा नाही. फक्त तो कसा तयार होतो ते बघा. तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू, फी सोडून देऊ.

या पूलचा नियम असा की दोन्ही बाजूंचा गुणाकार कायम राहतो. यूएसडीटीची बाजू १८ लाख. भावोजींचे ३ लाख आत गेले की ती २१ होते आणि कॉइनची बाजू त्याच प्रमाणात घटते. नवा भाव जुन्याच्या २१ भागिले १८ चा वर्ग, म्हणजे १.३६ पट. एकट्या भावोजींच्या पैशाने भाव ३६ टक्के वर. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर हिरवा ग्राफ येतो, तो बघून पुढचे टाकतात. त्यांच्या चौघा मित्रांनी मिळून १२ लाख टाकले तर ३० भागिले १८ चा वर्ग, २.७८ पट. टोमॅटोची एक क्रेट न हलता.

आता उलटा. वरच्या तिघांकडे ७१ टक्के आहेत, पूलमध्ये ४. त्यांनी एकूण कॉइनच्या फक्त ३६ टक्के एका दमात विकले, म्हणजे पूलमध्ये आहेत त्याच्या नऊपट, तर पूलमधल्या पैशांपैकी ९० टक्के त्यांच्याकडे जातात. भावोजींसकट सगळ्यांनी टाकलेल्यातले ९० टक्के. यासाठी ना मिंट लागतं ना सेल फी. आणि एवढीही मेहनत नको असेल तर ९२ टक्के पावत्या आहेतच हातात.

म्हणून "साडेचार कोटी मार्केट कॅप" या आकड्याला काही अर्थ नाही. तो एका कॉइनच्या भावाला सगळ्या कॉइनच्या संख्येने गुणून येतो. बाहेर काढता येण्याजोगे आहेत ते १८ लाख, आणि तेही जो आधी काढेल त्याचे.

आठ टक्क्यांचं पण करून टाकू. महिन्याला ८ टक्के, चक्रवाढीने, वर्षाला १०० ची सुमारे २५२ होतात. ती मिंट करून नाहीतर मालकाच्या साठ्यातून द्यावी लागणार, दुसरीकडून येतील कुठून? लोकांच्या हातातली कॉइन अडीचपट, पूलमधले यूएसडीटी तेवढेच. तुमचं उत्तर आता तुम्हाला मिळालं, इकोसिस्टिम कशाला म्हणतात ते.


हॉडल बावधन

सगळे एकाच सुरात गाताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी बरीच वर्षं छोट्या प्रोजेक्टांत पैसे टाकतो. नव्या प्रोजेक्टमध्ये सुरुवातीला सगळं टीमकडेच असतं, लिक्विडिटी छोटीच असते. मालकी सोडली म्हणजे सुरक्षित हेही अर्धवट आहे, उद्या कोडमध्ये चूक सापडली तर दुरुस्त करणार कोण? आणि बिटकॉइन ज्याने काढलं तो कोण हे आजही माहीत नाही. इथे निदान संचालकांची नावं तरी कंपनी मंत्रालयात आहेत.


धायरीची थोरली

हॉडल, बिटकॉइन काढणाऱ्याने चिंचवडला हॉल घेऊन माझ्या सासूबाईंची एफडी मोडायला सांगितली नव्हती हो.


क्यूए हिंजवडी

ताईंनी माझं काम हलकं केलं. पण हॉडल यांचा मालकीचा मुद्दा रास्त आहे, तो सोडू नका. मालकी सोडणं हा एकच मार्ग नाही. मल्टिसिग असतं: तीन किंवा पाच जणांच्या किल्ल्या, त्यातल्या ठरावीक जणांनी सही केल्याशिवाय काही हलत नाही. आपल्या सोसायटीच्या चेकवर सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांच्या सह्या लागतात, तसंच. शिवाय टाइमलॉक असतो, कोणताही बदल जाहीर करून ठरावीक मुदतीने, समजा दोन दिवसांनीच, लागू होतो, म्हणजे नको असेल त्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. टीमच्या वाट्याची टोकनं महिन्या-महिन्याने सुटतील अशी बांधून ठेवता येतात. यातलं काहीही करायला मोठी टीम लागत नाही, तयार साधनं आहेत, खर्च किरकोळ. प्रामाणिक छोटा प्रोजेक्ट आणि हा, यात फरक दिसतो तो इथे. हात बांधून घेणं स्वस्त असूनही ज्याने मोकळे ठेवले, त्याला विचारायला हवं की का.

भावोजींना हे सरांना विचारू द्या. तुम्ही नका विचारू. "उरलेल्या ९२ टक्के एलपी कधी लॉक करणार?" एवढा एकच प्रश्न, लेखी, ग्रुपमध्ये.


टिळक रोड टॅक्स

मी क्रिप्टोतला नाही, रिटर्न भरतो लोकांची. दोनच गोष्टी, कारण याच्यावर कोणी बोलत नाही.

पैसे कसे द्यायला सांगितलेत? बहुतेक ठिकाणी "लीडरच्या खात्यावर पाठवा, तो यूएसडीटी देईल" असं असतं. तसं असेल तर नको. कोणाच्या तरी बचत खात्यात तीन लाख गेले, पावती नाही, टीडीएस नाही, उद्या तो म्हणणार उसने घेतले होते. पुढे तुम्ही यूएसडीटी विकून अनोळखी माणसाकडून खात्यात पैसे घेतले आणि ते कुठल्या तरी सायबर गुन्ह्यातले निघाले, तर तुमचं खातं गोठतं. पगाराचं खातं असेल तर महिनाभर काय हाल होतात ते बघितलंय मी. घ्यायचंच असेल तर एफआययूकडे (केंद्र सरकारचं फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट) नोंद असलेल्या भारतीय एक्स्चेंजवरून घ्या. मार्च २०२३ पासून ती नोंद आणि केवायसी त्यांना बंधनकारक आहे. पण ती नोंद एक्स्चेंजची असते, कॉइनची नाही. कॉइनला "एफआययू मान्यता" असं काही नसतं.

दुसरं, कर. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के सेस. लाखाला ३१,२००. तोटा कशातूनही वजा होत नाही, पुढेही ओढता येत नाही. म्हणजे या कॉइनमध्ये तीन लाख बुडाले आणि त्याच वर्षी बिटकॉइनमध्ये एक लाख मिळाले, तरी त्या लाखावर ३१,२०० भरायचेच. एका कॉइनच्या बदल्यात दुसरं घेतलं तरी तो विक्रीचाच व्यवहार धरतात. लोकांना वाटतं बँकेत पैसे आले तरच कर.


सदाशिव पेठी

समोशाचं उत्तर अजून आलं नाही.


धायरीची थोरली

पेठी, बटाटेवडा होता. गार.

पुढचं सांगते. भावोजींनी प्रश्न ग्रुपमध्ये टाकला, मी शेजारीच बसले होते. दोन तासांनी अ‍ॅडमिनने उत्तर दिलं की "मार्केट मेकिंगसाठी सध्या लिक्विडिटी मोकळी ठेवली आहे, मोठ्या लिस्टिंगनंतर (म्हणजे मोठ्या एक्स्चेंजवर आल्यावर) १०० टक्के लॉक." भावोजींनी विचारलं, लिस्टिंग कधी? त्यावर "अफवा पसरवू नये" असा सगळ्यांसाठी मेसेज आला आणि रात्री ग्रुप अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असा करून टाकला. सर फोन करून मात्र गोड बोलले, तुम्ही पुढच्या बॅचचे लीडर होऊ शकता म्हणाले.

तीन लाख थांबलेत. सासूबाईंची एफडी आहे तिथे आहे. भावोजी अजून म्हणतात की लॉक केलं तर बघू. असू दे, मी त्यांना त्यात अडवणार नाही. लॉक झालं की नाही हे आता त्यांना स्वतःलाच बघता येतं.

पण एक गोष्ट काल जाऊने सांगितली. मीटिंगच्या आधीच भावोजींनी २० हजार टाकले होते, "ट्राय करून बघितलं" म्हणे. ते स्टेकिंगमध्ये आहेत, ९० दिवस निघत नाहीत. त्या वेळी सरांच्या माणसाने फोनवर वॉलेट बसवून दिलं, साइटला जोडलं, दोन-तीनदा "अप्रूव्ह" दाबायला लावलं. त्याच वॉलेटमध्ये भावोजींचे दुसरीकडून घेतलेले थोडे यूएसडीटी पडून आहेत. आणि लीडर म्हणतोय, उरलेली रक्कम टाकाल तेव्हा त्याच वॉलेटमध्ये टाका. यात काही भानगड आहे का?


क्यूए हिंजवडी

आहे. "अप्रूव्ह" दाबलं म्हणजे त्या साइटच्या काँट्रॅक्टला तुमच्या वॉलेटमधलं अमुक टोकन उचलायची परवानगी दिली. बहुतेक वेळा ती रकमेची मर्यादा न घालता दिलेली असते आणि काढून घेईपर्यंत चालू राहते. यूएसडीटीसाठी दिली असेल तर आज आहेत ते आणि उद्या टाकाल तेही जाऊ शकतात, तुम्हाला पुन्हा काही दाबावं लागत नाही. साइट बंद केली, फोनमधून अ‍ॅप काढलं, तरी परवानगी चेनवर तशीच राहते.

बीएससीस्कॅनवरच "टोकन अप्रूव्हल" नावाचं पान आहे. त्यात भावोजींच्या वॉलेटचा पत्ता टाका, परवानग्यांची यादी येईल. यूएसडीटीपुढे जे काही असेल ते "रिव्होक" करा, म्हणजे परवानगी काढून घ्या. त्याला थोडं बीएनबी (या चेनवर फी भरायचं कॉइन) लागेल, काही रुपयांचं, वॉलेटमध्ये नसेल तर आधी घ्या.

दुसरं, वॉलेट सरांच्या माणसाने बसवलं म्हणता. वॉलेट काढताना त्याची किल्ली म्हणून मिळतात ते बारा शब्द कोणी लिहून घेतले? त्याने बघितले असतील, फोटो काढला असेल किंवा त्याच्याच फोनवरून पाठवले असतील, तर रिव्होक करून उपयोग नाही, ते वॉलेट त्याचंही आहे. मग भावोजींनी स्वतःच्या हाताने नवं वॉलेट काढायचं, शब्द कागदावर लिहायचे, आणि यूएसडीटी तिकडे हलवायचे. हे आज रात्रीच करा, यादीत काय दिसतं ते इथे टाका. पत्ता मात्र टाकू नका.